बाकावरच्या तासांचा हिशेब

अमेरिकेतल्या हायस्कूलमधील मुलाने इतिहास हा विषय 'पूर्ण केला' म्हणजे नेमके काय केले? या प्रश्नाला शंभराहून अधिक वर्षे एकच उत्तर होते : तो वर्षभरात सुमारे १२० तास इतिहासाच्या वर्गात बसला आणि नापास झाला नाही. या मापाला 'कार्नेगी युनिट' म्हणतात. तिथे शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय असल्यामुळे प्रत्येक राज्याने आपल्या नियमपुस्तकात हे माप थोड्याफार फरकाने उतरवून घेतले. ऑरेगॉनने १३० तास धरले, इतरांनी आणखी काही. ठरलेल्या संख्येइतकी युनिटे जमली की हायस्कूलचा डिप्लोमा हाती पडतो.

गेल्या वीस वर्षांत अनेक राज्यांनी हा नियम कालबाह्य ठरवून रद्द केला किंवा त्याला पळवाट नव्हे, रीतसर पर्याय दिला. आणि याच काळात आपल्याकडे, एप्रिल २०२३ मध्ये, राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्यानुसार शालेय वर्षाचे १२०० तास मोजायचे, ३० तासांना एक श्रेयांक द्यायचा आणि वर्षाला ४० श्रेयांक मुलाच्या खात्यावर जमा करायचे. एका घराने माळ्यावर टाकलेली वस्तू दुसऱ्या घरात नवी म्हणून येते, तेव्हा ती उलटून पाहिली पाहिजे. या लेखात मी तेवढेच करणार आहे. तासांचे हे माप आले कुठून, ते काढून टाकणाऱ्यांना काय अनुभव आला आणि त्यातले आपण काय घ्यावे, असे तीन प्रश्न माझ्यापुढे आहेत.

पेन्शनच्या अटीतून आलेले माप

या मापाचा उगम शिक्षणशास्त्रात नाही. तो निवृत्त प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये आहे.

पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हे कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार आणि त्यांचे निराधार म्हातारपण त्यांनी तिथे पाहिले होते. १९०५ साली त्यांनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले आणि त्यातून 'कार्नेगी फाउंडेशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ टीचिंग' ही संस्था उभी राहिली. हेन्री प्रिचेट तिचे पहिले अध्यक्ष आणि हार्वर्डचे चार्ल्स इलियट विश्वस्त मंडळाचे प्रमुख. पैसे वाटायचे ठरल्यावर पहिलाच प्रश्न आला : 'कॉलेज' म्हणायचे कशाला? त्या काळी अमेरिकेत नावाला कॉलेज आणि कामाला हायस्कूल अशा संस्था पुष्कळ होत्या. फाउंडेशनने कॉलेजची व्याख्या केली. किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम हवा आणि प्रवेशासाठी हायस्कूलच्या चार वर्षांचा पुरता अभ्यास हवा. तो 'पुरता' आहे हे कसे कळणार? १४ युनिटे असतील तर. आणि युनिट म्हणजे काय? एका विषयाच्या आठवड्याला चार-पाच तासिका, त्याही वर्षभर. म्हणजेच साधारण १२० तास.

कॉलेजला पेन्शन हवी होती. म्हणून त्याने १४ युनिटांची अट घातली. हायस्कूलला आपली मुले कॉलेजात जायला हवी होती. म्हणून त्याने वेळापत्रक युनिटांत कापले. पहिल्या दशकाच्या अखेरीस बहुतेक हायस्कुले या साच्यात बसली होती. पेन्शनची ओढ किती जबर होती याची साक्ष दुसऱ्या एका अटीत मिळते. धर्मपंथाशी बांधलेल्या महाविद्यालयांना या निधीतून पेन्शन नव्हती, आणि केवळ त्यासाठी काही महाविद्यालयांनी आपल्या पंथाशी असलेले औपचारिक नाते सोडले. जिथे पंथ सुटला, तिथे वेळापत्रक बदलणे काय अवघड?

१९१० साली याच फाउंडेशनने मॉरिस कुक या अभियंत्याचा अहवाल छापला. कुक हे फ्रेडरिक टेलरचे सहकारी. कारखान्यातल्या कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजणारा तो टेलर. कुक यांनी विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांची पाहणी केली आणि 'विद्यार्थी-तास' हे एकक सुचवले. एक विद्यार्थी, एक तास. त्यावरून शिक्षकाचे काम, खोलीचा वापर, खर्च सगळे काढता येते. शाळेतला तास आणि कारखान्यातला तास इथे एकाच वहीत आले.

या मापाने काही भले केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. त्याआधी एका गावचे हायस्कूल आणि दुसऱ्या गावचे हायस्कूल यांत काही साम्य असेलच अशी खात्री नव्हती. लहान गावातल्या मुलीने बीजगणित केले म्हणजे किती केले, हे दूरच्या कॉलेजला कळायला काही सामाईक भाषा हवी होती. युनिटाने ती दिली. गंमत म्हणजे फुकट पेन्शनची योजना फार टिकली नाही. पैसे पुरेनात म्हणून १९१८ साली वर्गणीवर चालणारी वेगळी संस्था काढावी लागली. कारण संपले, माप राहिले.

माप चुकीचे असल्याची शंकाही जुनी आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत 'आठ वर्षांचा अभ्यास' नावाचा मोठा प्रयोग झाला. सुमारे तीस शाळांना युनिटांच्या अटीतून मोकळे केले गेले आणि सुमारे तीनशे महाविद्यालयांनी त्यांची मुले त्या अटीविना घ्यायचे मान्य केले. राल्फ टायलर यांच्या देखरेखीखाली या मुलांची तुलना नेहमीच्या शाळांतल्या तशाच मुलांशी, जोड्या लावून, केली गेली. जोड्या होत्या १४७५. मोकळ्या शाळांतली मुले कॉलेजात मागे पडली नाहीत; काही बाबतींत थोडी पुढेच राहिली. हे निष्कर्ष १९४२ साली प्रसिद्ध झाले. अमेरिका तेव्हा महायुद्धात होती. अहवाल कपाटात गेले आणि युनिट फळ्यावर राहिले.

रद्द करणाऱ्यांचे अनुभव

नियमाला पहिला ठोस धक्का न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने दिला. २००५ साली तिथल्या राज्य शिक्षण मंडळाने ठरवले की २००८-०९ पर्यंत सर्व हायस्कुलांनी क्रेडिट द्यायचे ते तासांवर नाही, विषयातील क्षमतेवर. मुलाने विषय आत्मसात केल्याचे दाखवले की क्रेडिट. मग ते वर्गात केले, दुकानात उमेदवारी करून केले की गावातल्या वाद्यवृंदात वाजवून केले, हा प्रश्न गौण. ज्याला गणित तीन महिन्यांत येते त्याने नऊ महिने का बसावे, आणि ज्याला नऊ महिन्यांत आले नाही त्याला आलेच नाही असे का समजावे, हा यामागचा विचार सरळ आणि पटणारा होता.

मेन या शेजारच्या राज्याने २०१२ साली पुढचे पाऊल टाकले. तिथे कायद्यानेच डिप्लोमा क्षमतेशी जोडला गेला. सहा वर्षांत, २०१८ मध्ये, ती सक्ती उठवावी लागली. 'क्षमता' म्हणजे किती, हे राज्याने एकसारखे ठरवून दिले नाही. प्रत्येक जिल्ह्याने आपापले ठरवले. जुन्या गुणांऐवजी एक ते चारची श्रेणी आली, ती पालकांना उमगेना आणि कॉलेजात तिचे काय होणार याची धास्ती वाटू लागली. विचार योग्य असूनही अंमल फसला, कारण तासांची सामाईक भाषा काढून घेताना दुसरी सामाईक भाषा तयार नव्हती.

तिसरा अनुभव राजधानी वॉशिंग्टनचा. तो याहून कडू आहे. नियम कागदावर तसाच होता, व्यवहारात मात्र त्यात पाणी शिरले होते. २०१७ साली उत्तीर्ण झालेल्या मुलांची चौकशी झाली आणि तिचा अहवाल जानेवारी २०१८ मध्ये आला. दर तिघांपैकी साधारण एकाला नियम मोडून डिप्लोमा दिला गेला होता. कोणी महिनोन्‌महिने गैरहजर होते, कोणाचे नापास झालेले विषय झटपट 'क्रेडिट भरपाई' अभ्यासक्रमांतून उरकले होते. शाळांवर उत्तीर्णांची टक्केवारी वाढवण्याचा दबाव होता. त्या वर्षीची टक्केवारी वाढली, याचा आधी गौरवही झाला होता. यातली बहुतेक मुले गरीब वस्त्यांतली होती. 'तू बसला नाहीस तरी चालेल' हे वाक्य सुखवस्तू घरातल्या हुशार मुलाला स्वातंत्र्य देते. तेच वाक्य या मुलांना शाळेने हात झटकल्याची पावती ठरले.

तास कोणाचा?

२०१५ साली कार्नेगी फाउंडेशनने आपल्याच अपत्याची चिकित्सा करणारा अहवाल काढला. शिकणे मोजण्याचे साधन म्हणून युनिट कच्चे आहे, हे त्यात मान्य केले होते. पण ते टाकून द्यायला अहवालकर्ते तयार नव्हते, आणि त्यांचे कारण मला या सगळ्या वादातले सर्वांत महत्त्वाचे वाटते : युनिटामुळे प्रत्येक मुलाला शिक्षकासोबतचा किमान वेळ मिळण्याची हमी राहते. पुढे नेतृत्व बदलले आणि २०२३ मध्ये याच संस्थेने ईटीएस या परीक्षासंस्थेच्या साथीने कौशल्ये मोजण्याची नवी साधने घडवायला घेतली. युनिटाच्या जन्मदात्यानेच आता त्याला निरोप द्यायचे ठरवले आहे.

हे सगळे वाचताना मला जाणवले ते असे. 'तास' या एका शब्दात दोन वेगळे हिशेब दडलेले आहेत. पहिला हिशेब मुलाचा : तू किती वेळ बसलास? दुसरा शासनाचा : आम्ही या मुलाला किती वेळ शिक्षक दिला? पहिला हिशेब निरर्थक आहे, कारण बसणे म्हणजे शिकणे नव्हे. दुसरा निरर्थक नाही. शिक्षक, खोली, फळा, प्रयोगशाळा यांचा खर्च त्या तासात असतो, आणि खर्च हा नेहमी कोणाचे तरी देणे असते. नियम रद्द करणाऱ्यांची गफलत होते ती इथे. पहिला हिशेब पुसताना दुसराही पुसला जातो, आणि तो पुसला गेल्याचे कळायला वर्षे लागतात.

न्यू हॅम्पशायरमध्ये हे कळले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'क्लेरमाँट' खटल्यांत, १९९३ आणि १९९७ साली, स्पष्ट सांगितले होते की प्रत्येक मुलाला पुरेसे शिक्षण देणे आणि त्याचा पैसा उभा करणे हे राज्याचे घटनात्मक कर्तव्य आहे. 'पुरेसे' म्हणजे काय, हे सांगायला शाळांच्या किमान मानकांचे नियम फार महत्त्वाचे. म्हणून २०२३-२४ मध्ये या नियमांची नव्याने मांडणी निघाली तेव्हा शिक्षक मसुद्यातली क्रियापदे तपासू लागले. क्षमतेच्या भाषेला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा आक्षेप असा होता की वर्गातल्या मुलांच्या संख्येवरची मर्यादा सैल होते आहे आणि काही ठिकाणी 'शाळा करील' याच्या जागी 'शाळा करू शकेल' येते आहे. भाषेवर जगणाऱ्या वाचकांना या दोन क्रियापदांतले अंतर समजावून सांगायला नको. पहिल्यात हक्क आहे, दुसऱ्यात मर्जी.

आपल्याकडचा उलटा आजार

आपल्याकडे मोजमापाचा इतिहास उलट बाजूने सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान मिळे ते परीक्षेतल्या निकालावर. ही पद्धत इंग्लंडात १८६२ च्या सुधारित संहितेने रूढ केली होती. अमेरिकेने तासाला पैसा जोडला, इंग्रजांनी निकालाला जोडला. इंग्लंडने ती पद्धत शतक संपण्याआधी सोडली, पण निकाल हेच शिक्षण ही तिची शिकवण आपल्या अंगात मुरली. दहावी-बारावीला ७५ टक्के हजेरीची अट आहे खरी, पण ती कोण किती पाळतो हे घरोघरी माहीत आहे. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये, ही व्यवस्था इतकी सरसकट झाली की २०१८ साली राज्य शासनाला विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. बोट यंत्रावर उठले. मूल क्लासमध्येच राहिले.

तासांची अट पुरती उठवणारी आपली जुनी सोय म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांना बाहेरून परीक्षेला बसवणाऱ्या या फॉर्मने असंख्य कामकरी मुलामुलींना, लग्न होऊन गेलेल्या मुलींना दहावी-बारावी दिली. मी स्वतः बारावी त्याच फॉर्मवर झाले, म्हणून त्याच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. माझे तास कोणी मोजले नाहीत, हे माझ्यावर उपकारच. पण अर्थशास्त्रातला मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे खाली का येतो, हे कळायला मला जे आठ दिवस लागले, ते फळ्यासमोर दहा मिनिटांचे काम होते. ती दहा मिनिटे मला देणे कोणाच्याही नावावर नव्हते. परीक्षेने माझे शिकणे मोजले, आणि मला कोणी शिकवले नाही ही गोष्ट कुठल्याही वहीत नोंदली गेली नाही.

शासनाच्या देण्याचा तास आपल्या कायद्यात एकाच ठिकाणी ठळकपणे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस व ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. शिक्षकाने तयारीसह आठवड्याला ४५ तास द्यायचे, हेही त्यात आहे. हे तास मुलाने कमवायचे नाहीत. शाळेने द्यायचे आहेत. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. नववीपासून पुढे, म्हणजे अमेरिकेत ज्या वर्गांवरून वाद चालू आहे नेमक्या त्याच वर्गांत, ही हमी संपते.

आणि राष्ट्रीय श्रेयांक आराखडा या वर्गांनाही आपल्या कवेत घेतो. त्याच्या बाजूने बोलायचे तर तो केवळ बसण्याला श्रेयांक देत नाही; मूल्यमापन झाल्यावरच श्रेयांक मिळतो. त्याच्या १२०० तासांत वर्गाबरोबर प्रयोगशाळा, खेळ, योग, राष्ट्रीय छात्रसेना, व्यावसायिक शिक्षण, उमेदवारी असे सगळे येते. कारागिराच्या मुलाचे हात जे जाणतात त्याला शाळेच्या वहीत जागा मिळावी, ही इच्छा चांगली आहे. माझी शंका वेगळी आहे. या १२०० तासांतले शिक्षकाने द्यायचे किती आणि मुलाने स्वतः भरून काढायचे किती? कायद्यातले १००० तास हे शाळेवरचे ऋण होते. आराखड्यातले १२०० तास ही मुलाची कमाई आहे. संख्या वाढली, पण ती वहीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली.

ज्या शाळेत तीन विषयांना एकच शिक्षक आहे, तिथे उरलेले तास कुठून येणार? बीडचे मूल आईवडिलांसोबत ऊसतोडीला गेले, तर त्या चार-पाच महिन्यांचे काय लिहायचे? अमेरिकी युनिटाच्या हिशेबात ते नापास. उद्या एखाद्या कार्यालयाने फडावरच्या त्या दिवसांना 'अनुभवजन्य शिक्षण' म्हटले, तर ते पास होईल, शाळेची टक्केवारी सुधारेल आणि त्याला शिक्षक मिळाला नाही ही गोष्ट नाहीशी होईल. वॉशिंग्टनमध्ये झाले ते याहून फार निराळे नव्हते.

तासाला पगार जोडला की काय होते, हे आपली महाविद्यालये रोज पाहतात. 'तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक' हा शब्दप्रयोग मराठीत रुळला, इतके हे वास्तव जुने झाले आहे. विषयाचे श्रेयांक कमी झाले की कार्यभार घटतो, कार्यभार घटला की पद जाते. भाषांचे शिक्षक हे जाणून आहेत. तेव्हा श्रेयांक हा केवळ मुलाच्या गुणपत्रकातला आकडा नसतो. कोणत्या विषयाला माणूस मिळणार, हे त्या आकड्यावर ठरते.

श्रेय आणि जमा

शेवटी शब्दाकडे वळते. इंग्रजी 'क्रेडिट' हा विश्वास या अर्थाच्या लॅटिन शब्दातून आला आणि सावकाराच्या वहीत जाऊन बसला. आपण त्याचे 'श्रेयांक' केले. 'श्रेय' हा कठोपनिषदापासूनचा शब्द. माणसाला हितकारक ते श्रेय, नुसते आवडणारे ते प्रेय. भाषांतर सुंदर आहे, पण त्याने एक गोष्ट झाकली जाते : श्रेय हे करणाऱ्याचे असते. त्यामुळे सगळा भार मुलावर येतो. जमाखर्चाची साधी मराठी वापरली असती तर लगेच विचारावे लागले असते, मुलाच्या नावे जमा झाले ते कोणाच्या नावे पडले? श्रेयांकांच्या साठवणीसाठी २०२१ पासून जी व्यवस्था सुरू झाली तिचे नावच मुळी 'बँक' आहे. बँकेच्या वहीला दोन बाजू असतात, इतकी आठवण त्या नावाने तरी ठेवावी.

कालबाह्य नियम जायलाच हवेत. मुलाने किती तास बाकावर काढले यावरून त्याला विषय येतो की नाही हे ठरवणारा नियम उद्या जात असेल तर तो आज जावा. आणि आपल्याकडे तो नव्याने येत असेल तर उंबऱ्यावरच थांबवावा. पण त्याच अधिसूचनेत दुसरे एक कलम असले पाहिजे : नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलाला, प्रत्येक विषयासाठी, पात्र शिक्षकाचे इतके तास शाळेने द्यायचेच. मुलाला ते लागले नाहीत तर त्याने घेऊ नयेत. मागितले तर मात्र मिळालेच पाहिजेत, आणि मिळाले नाहीत तर तशी नोंद शाळेच्या नावे झाली पाहिजे, मुलाच्या नावे नाही.

असा मसुदा पुढच्या वेळी कोणाच्या हाती आला, तर आधी त्यातली क्रियापदे पाहावीत. 'विद्यार्थी पूर्ण करील' असे किती ठिकाणी आहे आणि 'शाळा देईल' असे किती ठिकाणी, हे मोजायला पेन्सिल आणि अर्धा तास पुरतो.